हजेरी, गुत्ता आणि बिल
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल रात्री जेवताना संयोजकांनी मला सांगितलं, "उद्या तू अर्धा तास बोल." मी विचारलं, कशावर? तर म्हणाले, "तू घरी बसून कमावतेस ना, त्यावर." शेजारी बसलेली एक जण लगेच म्हणाली, "घरी बसून कायची कमावते वं, रात्री बारालेही हिचा लाइट चालू रायते!" तिचं खरं आहे, आणि आज मला नेमकं तेच सांगायचं आहे. रात्री बाराला लाइट चालू असतो, पण त्या वेळेचे पैसे मिळतात का?

आपली तुकडी जरा गमतीची आहे. मार्चमध्ये आपण अमरावती बोर्डाची परीक्षा अकोला जिल्ह्यातले विद्यार्थी म्हणून दिली, आणि १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला, त्यामुळे अकरावीच्या वर्गात बसलो ते वाशिमकर म्हणून. तेव्हा वाटायचं, काही करायचं तर अकोला, अमरावती, पुणे गाठावं लागेल. मीही गाठलं. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याहून परत आले ती इथेच राहिले. पुस्तिका आणि वेबसाइट यांचं मराठी भाषांतर आणि पानांची मांडणी हे माझं काम. गिऱ्हाईक पुण्यात, मुंबईत, बंगळुरूला, मी वाशिमला. आज समोर बघते तर आपल्यात असे बरेच आहेत. कुणी बिल्डरांसाठी नकाशे काढतो, कुणी व्यापाऱ्यांचे हिशोब ठेवते, कुणी ऑनलाइन शिकवण्या घेते. काहींची मुलंही आता हेच करताहेत. नोकरीत पहिल्या तारखेला पगार येतो. आपल्याला मात्र आपली हजेरी आपणच लावावी लागते आणि आपला पगारही आपणच मागावा लागतो.

हजेरी हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझे वडील रोजगार हमीच्या कामावर मुकादम होते. पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते. मस्टर त्यांच्या पिशवीत असायचं. ते जागेवर उभं राहून, माणूस समोर असतानाच हजेरी लिहीत. एकदा मी विचारलं होतं, संध्याकाळी घरी आल्यावर सावलीत बसून का लिहीत नाही? ते म्हणाले, "आठवून लिहिलेली हजेरी अर्धी खोटी असते. कुणाचा तरी रोज बुडतो." मी स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा हे वाक्य मला आठवलं नाही. आठवलं ते पहिलं वर्ष संपल्यावर.

त्या वर्षी मी ६४ पानांची एक पुस्तिका घेतली होती. पानाला २५० रुपये, म्हणजे १६,००० रुपये. मनात हिशोब केला होता, आठ-दहा दिवसांचं काम. पैसे आले, आनंद झाला, खर्चूनही झाले. पुढच्या वर्षी तशीच, तेवढ्याच पानांची, त्याच दराची दुसरी पुस्तिका आली. या वेळी मी वेळ लिहून ठेवला. भाषांतराला ७० तास. मांडणीला ३८. दुरुस्त्यांना ४६. फोन, मीटिंग, "जरा एक मिनिट बोलू का" यांना १४. एकूण १६८ तास. १६,००० भागिले १६८. आपल्या गणिताच्या सरांसमोर भागाकार सांगते, चुकला तर थांबवा सर: तासाला ९५ रुपये. आठ तासांचा दिवस धरला तर एकवीस दिवस, दिवसाला साडेसातशे रुपये. त्यातून नेट, वीज, लॅपटॉपची झीज आणि काम नसलेले दिवस वजा करा. सोयाबीन सोंगायला गुत्त्यानं जाणारी जोडी दिवसाकाठी किती पाडते, हे इथे बसलेल्या शेतकऱ्यांना मी सांगायला नको.

वाईट मला दराचं नाही वाटलं. वाईट याचं वाटलं, की वर्षभर मला हे माहीतच नव्हतं. १६८ पैकी ६० तास, म्हणजे दुरुस्त्या आणि फोन, मी दर सांगताना धरलेच नव्हते. पुढच्या कामाला मी दर फारसा वाढवला नाही, एकच ओळ घातली: "दुरुस्तीच्या दोन फेऱ्या या रकमेत, तिसऱ्या फेरीपासून तासाप्रमाणे." दुरुस्त्या आपोआप दोन फेऱ्यांत संपायला लागल्या.

दर ठरवायचे प्रकार आपल्याकडे कुणी शिकवायला नको. शेतात तीनच प्रकार आहेत: रोज, गुत्ता आणि साल. आपल्या धंद्यातही तेच तीन. कामाचा आवाका आधी कळत नसेल, तर रोज, म्हणजे तासाप्रमाणे. आवाका ठरलेला असेल, एवढी पानं, एवढे नकाशे, तर गुत्ता. आणि एखादं गिऱ्हाईक दर महिन्याला थोडं थोडं काम देत असेल, तर साल. महिन्याला ठरावीक रक्कम आणि ठरावीक तास. सालदाराचं पाडव्याला ठरतं तसं आपणही वर्षातून एकदा बसून बोलायचं. लोक विचारतात, गुत्त्यानं काम घेतलं तर तास कशाला मोजायचे? पुढचा गुत्ता कितीला घ्यायचा, ते कळायला. गिऱ्हाइकाला ते तास दाखवायची गरज नाही.

आता साधनांचं. हे विचारायलाच काल तिघं-चौघं माझ्याकडे आले. मी स्वतः बरीच ॲप उतरवली आणि बरीच काढून टाकली, म्हणून सांगते.

सगळ्यात आधी वही. दोन-तीनच गिऱ्हाइकं असतील तर वही किंवा गूगल शीट पुरते. पाच रकाने: तारीख, गिऱ्हाईक, काय केलं, सुरुवात, शेवट. रकाने वाढवले की लिहिणं बंद पडतं. मी नऊ रकान्यांची शीट केली होती, ती अकरा दिवस चालली.

गिऱ्हाइकं वाढली, एकाच दिवसात चार कामांत उड्या मारायला लागलात, तर घड्याळाचं ॲप घ्या. टॉगल आणि क्लॉकिफाय ही दोन मी वापरली आहेत. एकट्या माणसाला पुरेल इतकं दोन्हींत फुकट मिळतं. निवडताना चार गोष्टी बघा. एक, एका बोटात सुरू होतं का? कामाआधी तीन खिडक्या भराव्या लागल्या तर तुम्ही ते आठवड्यात सोडाल. दोन, घड्याळ बंद करायला विसरलं तर मागून वेळ दुरुस्त करता येते का? विसरणारच, दारात दूधवाला आला, लाइट गेली. तीन, लाइट आणि नेट नसताना नोंद फोनमध्ये टिकते का? आपल्याकडे हा प्रश्न पुण्यापेक्षा मोठा आहे. आणि चार, सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये बाहेर काढता येतात का? हे पहिल्याच दिवशी करून बघा. ॲप उद्या बंद पडलं, फुकटचं विकतचं झालं, तरी आपली हजेरी आपल्या हातात राहिली पाहिजे. मी दर महिन्याच्या शेवटी फाइल काढून ठेवते.

काही ॲप दर थोड्या वेळानं तुमच्या पडद्याचा फोटो काढून गिऱ्हाइकाला दाखवतात. गिऱ्हाइकानं अट घातली तर तुमची मर्जी. पण आपणहून असलं लावून घेऊ नका. मस्टर वेगळं आणि पहारा वेगळा.

आता बिल. बाजार समितीत सोयाबीन घातलं की हिशोबपट्टी मिळते. वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली, हातात किती. शाळा न शिकलेला शेतकरीही ती पट्टी घडी करून खिशात ठेवतो. आणि आपण शिकलेली माणसं व्हॉट्सॲपवर लिहितो, "सर, पेमेंटचं बघा ना प्लीज." मीही लिहिलं आहे.

बिलात एवढंच हवं: क्रमांक, तारीख, दोन्ही बाजूंची नावं-पत्ते, कामाचं वर्णन, पानं किंवा तास, दर, एकूण, तुमचा पॅन, बँक खातं आणि आयएफएससी किंवा यूपीआय, आणि पैसे कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे ते. क्रमांक ओळीनं, मी २०२५-२६/०१ असे घालते, म्हणजे मार्चअखेर एकही हरवत नाही. वर्डमधला साधा नमुना चालतो. पाठपुराव्याची आठवण आपोआप जावी असं वाटत असेल तर झोहो इन्व्हॉइस आहे, ते फुकट आहे. ही तमिळनाडूतली कंपनी. तेनकाशीजवळच्या एका खेड्यातही त्यांचं ऑफिस आहे. लहान गावातून असं काम होत नाही असं कुणी म्हटलं तर त्याला हे सांगा.

पैशाच्या दोन गोष्टी, कारण यात फसायला होतं. कंपनीला ६०,००० चं बिल दिलं आणि खात्यात ५४,००० आले तर भांडू नका. व्यावसायिक सेवेवर साधारण १० टक्के टीडीएस कापतात. एकाच गिऱ्हाइकाकडून वर्षात ५०,००० च्या वर गेलं की. ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून आहे, आधी ३०,००० होती. ते ६,००० तुमच्या पॅनवर जमा झाले का हे बघा आणि रिटर्न भरताना हिशोबात घ्या. दुसरं, सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावायचाही नाही. बाकी आपल्या सीएला विचारा, मी भाषांतरकार आहे.

पैसे अडकले तर? २००६ च्या लघुउद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदारानं काम स्वीकारल्यापासून लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, चक्रवाढ व्याज. सेवा देणारेही यात येतात. त्यासाठी उद्यम नोंदणी करा. आधार आणि पॅनवर, घरबसल्या, एक रुपयाही न देता होते. एजंटला पैसे देऊ नका. माझ्याकडे एकानं सात महिने पैसे अडवले होते. बिलाखाली उद्यम क्रमांक आणि ही दोन वाक्यं घालून पुन्हा पाठवलं, नवव्या दिवशी पैसे आले. दर वेळी येतील असं नाही. पण तारखेचं बिल आणि काम पोचल्याची ईमेल नसेल तर कायदाही काही करू शकत नाही.

आता शेवटचं. हे बोलायची मी त्याची परवानगी घेतली आहे. तो समोरच बसला आहे, नाव सांगत नाही.

आपल्यातल्या एका मित्राचं दुकान आहे. २०२२ मध्ये त्याच्या मालाची यादी आणि वेबसाइट मी करून दिली. त्यानं किती घेशील म्हणून विचारलं, तर मीच म्हणाले, "घरचंच काम आहे, नंतर बघू." तो नवीन माल पाठवत गेला, मी घालत गेले. पाच महिन्यांनी मी त्याला २२,००० चा मेसेज केला. त्यानं ५,००० पाठवले आणि लिहिलं, "मी तर तुला हातभार म्हणून काम दिलं होतं." झालं. दोन वर्षं आम्ही बोललो नाही. त्याच्या आईच्या तेराव्यालाही मी गेले नाही. ते मला आज सगळ्यात जास्त लागतं.

या मेळाव्याच्या हिशोब समितीत आम्ही दोघंही निघालो. वर्गणीचा हिशोब जुळवून झाल्यावर तोच म्हणाला, "आपलाही एकदा जुळवू." आम्ही जुने मेसेज उघडून, तारखा बघून बसलो. माझे २२,००० अंदाजाचे होते. नोंदी बघता १७,००० च्या वर जात नव्हते. आणि त्यानं पाठवलेल्या मालाच्या चार फेऱ्या तो साफ विसरला होता. दोघंही खरं बोलत होतो आणि दोघंही चूक होतो. आठवून लिहिलेली हजेरी. त्यानं उरलेले १२,००० दिले. मी नको म्हणाले, तर म्हणाला, "बिल दे. क्रमांक घालून दे." दिलं.

म्हणून सांगते, ओळखीच्या माणसाचं काम असेल तर आधी लिहा. फुकट करायचं असेल तर तेही लिहा: "एकूण शून्य रुपये, मित्र म्हणून." आपल्याला वाटतं लिहून ठेवलं की नातं कोरडं होतं. माझं न लिहिल्यामुळे झालं होतं.

सर, तुम्ही कच्चं काम खोडू द्यायचा नाहीत. उजवीकडे समास आखून ठेवायला लावायचात आणि उत्तर चुकलं तरी त्या समासातल्या पायऱ्यांचे मार्क द्यायचात. तेव्हा आम्हाला तो जाच वाटायचा. आता रोज संध्याकाळी पाच रकाने बघते, तेव्हा तो समासच बघत असते.

माझा अर्धा तास संपला. घड्याळ लावलं होतं, एकोणतीस मिनिटं झाली. याचं बिल नाही.