८.९०: जोरात नाही, नेमकं!

आजचा भाग गाड्यांवर आहे, पण ‘सगळ्यात फास्ट गाडी कुठली’ वगैरे काही नाही. आज बोलूया मुद्दाम हळू केलेल्या गाडीबद्दल. आणि माझ्या एका चुकीबद्दल, जी मला अजून बोचते.

मी मूळचा सांगलीचा, नोकरीसाठी अमेरिकेत ओहायोला राहतो. माझे शेजारी साठी ओलांडलेले आहेत आणि ड्रॅग रेसिंग करतात. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर ट्रॅकवर असतो. माझं काम ठरलेलं: हवा बघायची, वही लिहायची आणि टायमरचा आकडा सांगायचा.

त्यांची गाडी ‘सुपर कॉम्प’ वर्गात धावते. अंतर पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर. वेळ ठरलेली: ८.९० सेकंद. ‘सुपर गॅस’ला ९.९०, ‘सुपर स्ट्रीट’ला १०.९०. आता गंमत ऐका. ८.९० च्या आत पोचलात तर त्याला ‘ब्रेकआउट’ म्हणतात, आणि सहसा तुम्ही हरता. समोरच्याने हिरव्या दिव्याआधीच गाडी सोडली तर वाचलात. दोघंही ब्रेकआउट झाले, तर ज्याचा फरक कमी तो जिंकतो.

आमची गाडी पूर्ण थ्रॉटलवर ७.८० च्या आसपास जाते. मग तिला वर एक सेकंद थांबवायचं कसं? त्यासाठी थ्रॉटल स्टॉप. ड्रायव्हरचा पाय पेडलवर पूर्ण दाबलेलाच असतो, पण हे यंत्र मध्येच इंजिनाची हवा कमी करतं. ट्रान्सब्रेकचं बटण सोडलं की टायमर सुरू. गाडी जोरात सुटते, क्षणभरात स्टॉप लागतो, इंजिनाचा आवाज एकदम बसतो. ठरलेला वेळ संपला की स्टॉप उघडतो आणि गाडी परत झेपावते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गाडी बिघडली!

सगळा खेळ स्टॉप किती वेळ लावायचा याचा. प्रत्येक गाडीचं गणित वेगळं. आमच्या वहीप्रमाणे टायमर ०.१० सेकंदाने वाढवला, की गाडी ०.०६ ने हळू होते. हे पुस्तकात मिळत नाही. फेऱ्या मारायच्या, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहायचं.

दुसरी गोष्ट हवा. तापमान, दमटपणा आणि हवेचा दाब यावरून ‘डेन्सिटी अल्टिट्यूड’ काढतात. म्हणजे इंजिनाला आपण किती उंचीवर असल्यासारखं वाटतंय, तो आकडा. आकडा खाली आला की हवा दाट, ताकद जास्त, गाडी पळते. आमच्या गाडीला १००० फुटांमागे साधारण ०.०४ सेकंदाचा फरक पडतो.

आता ती संध्याकाळ. सीझनची शेवटची रेस. दुपारी टायमर १.८० होता, वेळ आली ८.९३. मी हिशेब केला: ०.०३ कमी करायचेत, म्हणजे टायमर १.७५. बरोबर होतं की! पण ते दुपारच्या हवेसाठी बरोबर होतं. पुढची फेरी येईपर्यंत ऊन उतरलं आणि आकडा २६०० वरून १६०० फुटांवर आला. हवामानाचं यंत्र माझ्या हातात होतं, आणि मी शेजारच्या गाडीचे फोटो काढत बसलो.

खरं तर काहीच न बदलता आम्ही ८.८९ ला पोचलो असतो. टायमर १.८२ हवा होता. मी १.७५ सांगितला. त्यांनी विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, “नक्की.”

बोर्डवर आलं ८.८६. समोरच्याचे ८.९१. संपला सीझन.

मला वाटलं, ओरडतील. स्टार्ट त्यांनी सुरेख घेतला होता, चूक शंभर टक्के माझी. त्यांनी हेल्मेट काढलं, वही माझ्यापुढे केली आणि म्हणाले, “लिही. हवेसकट लिही.” मी लिहिलं. हात थरथरत होता. परतीच्या वाटेवर तासभर कुणी बोललं नाही.

आता मी फेरीच्या अगदी आधी, गाडी रांगेत पुढे सरकत असताना, हवा पुन्हा बघतो. मागच्या फेरीचा आकडा मागच्या हवेचा असतो, हे त्या वहीच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून ठेवलंय. शेजाऱ्यांना वाचता येत नाही, पण अर्थ विचारून घेतला त्यांनी. या वर्षी पहिल्या रेसला त्यांनी परत विचारलं, “आकडा?”

आम्ही गेलो ८.९०४.

तुमच्याकडे अशी ‘नक्की’ म्हणून चुकलेली गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि रस्त्यावर रेस लावू नका!