हॅरी फेबियन धावतो तेव्हा

आज थोडा वेळ डोळे मिटून बसा. मला तुम्हाला एक चित्रपट ऐकवायचा आहे.

रात्र आहे, शहर लंडन. ओसाड पडलेल्या रस्त्यांवरून एक माणूस जिवाच्या आकांताने पळतोय. मागे कुणीतरी लागलंय. कोण आणि कशासाठी, ते आपल्याला ठाऊक नाही. माणूस सडपातळ, सूट झकपक, कोटाच्या काजात फूल. पाठलाग चुकवून तो एका घरात शिरतो. धाप लागलेली आहे. आता जरा टेकावं, तर त्याची नजर खोलीत पडलेल्या एका पर्सकडे जाते. पर्स त्याच्या प्रेयसीची आहे. तो ती उघडतो, आत बोटं घालतो आणि नेमकी त्याच वेळी ती दारात येऊन उभी राहते. त्याच्या चेहऱ्यावर पकडला गेल्याची कळा येते खरी, पण क्षणभरच. लगेच हसू, लगेच नवी थाप.

चित्रपट सुरू होऊन चारदोन मिनिटंच झाली असतील, आणि हॅरी फेबियन आपल्याला आरपार कळलेला असतो.

चित्रपटाचं नाव 'नाइट अँड द सिटी'. साल १९५०. दिग्दर्शक ज्यूल्स दासँ, हॅरीच्या भूमिकेत रिचर्ड विडमार्क. जेराल्ड कर्श यांच्या १९३८च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. समीक्षक याला 'फिल्म न्वार' म्हणतात. न्वार म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी चित्रपट पुन्हा पॅरिसमध्ये पोचले, तेव्हा तिथल्या समीक्षकांना त्यांतला नवा अंधार जाणवला आणि हे नाव रूढ झालं. पण नावात फार अडकू नका. अशा चित्रपटात गुन्ह्याचा तपास बहुधा दुय्यम असतो. माणूस आतून कसा पोखरला जातो, ते पाहायचं असतं, आणि ते संवादांपेक्षा प्रकाशात, जागेत, माणसांच्या हालचालीत जास्त दिसतं. ते पाहायची नजर कशी तयार करायची, त्यासाठीच आजची ही वीस मिनिटं.

हॅरी हा मोठा गुन्हेगार नव्हे. चित्रपटभर त्याच्या हातात पिस्तूल नाही. तो भुरटा आहे, थापाड्या आहे. 'सिल्व्हर फॉक्स' नावाच्या रात्रीच्या क्लबासाठी गिऱ्हाईक गोळा करून आणणं, हा त्याचा पोटाचा धंदा. लंडनला आलेला पैसेवाला अमेरिकी पाहुणा हेरायचा, सापडलेलं पाकीट परत करायला आल्याचं सोंग करून ओळख काढायची, गप्पांत गुंगवायचं आणि क्लबात नेऊन सोडायचं. हे काम तो इतकं सफाईने करतो की पाहताना आपल्यालाही त्याचं कौतुक वाटतं. त्या कौतुकाची लाज धरू नका. दासँला तेच हवं आहे. हॅरीचं बोलणं आपल्याला आवडलं नाही, तर पुढे त्याच्या मरणाची झळ आपल्याला कशी लागणार?

चित्रपट पाहताना एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्या. कोण धावतंय आणि कोण स्थिर आहे? हॅरी सतत धावतो. चालतानाही तो धावल्यासारखाच चालतो. पायऱ्या दोन-दोन करून चढतो, खुर्चीत टेकला तरी पुढे वाकलेला असतो, हात एका जागी राहत नाहीत. आणि ज्यांच्या हाती सत्ता आहे ती माणसं हलत नाहीत. क्लबाचा मालक फिल नॉसरॉस हा अवाढव्य देहाचा माणूस आपल्या काचबंद केबिनमध्ये बसून खालचा सगळा क्लब न्याहाळतो. फ्रान्सिस सलिव्हन या नटाने तो असा उभा केला आहे की त्याची जाड मान नुसती वळली तरी भीती वाटावी. लंडनच्या कुस्तीचा धंदा मुठीत असलेला क्रिस्तो, म्हणजे हर्बर्ट लॉम, आवाजही चढवत नाही. धावणारा माणूस या स्थिर माणसांच्या मधून वाट काढत राहतो, आणि वाट दर वेळी थोडी अरुंद होते.

आता प्रकाशाकडे वळू. छायालेखक मॅक्स ग्रीन मूळचे जर्मन, खरं नाव मुट्झ ग्रीनबाउम. १९२०च्या दशकातल्या जर्मन चित्रपटांनी सावलीला पात्राची जागा दिली होती, आणि ते वळण या चित्रपटातही उतरलं आहे. दिवा कुठे आहे ते शोधायची सवय लावून घ्या. चेहरा खालून उजळला की ओळखीचा माणूसही परका वाटतो. अर्धा चेहरा काळोखात ठेवला की त्याच्या शब्दावरचा आपला विश्वास अर्ध्यावर येतो. कॅमेरा जमिनीलगत ठेवला की छत डोक्यावर दाबतंय असं वाटतं. चित्रपटाचा बराचसा भाग खऱ्या लंडनमध्ये, रात्रीच्या रस्त्यांवर टिपलेला आहे. युद्धात पडझड झालेल्या जागा त्यात दिसतात. त्या अवशेषांतून हॅरी पळतो तेव्हा, खरं सांगतो, मला ते त्याच्या डोक्याच्या आतलं दृश्य वाटतं.

कथेचा मधला भाग भराभर सांगतो. हॅरीला 'कुणीतरी' व्हायचं आहे, आणि ते उद्याच्या उद्या. एका कुस्तीच्या आखाड्यात त्याला जुना ग्रीक मल्ल ग्रेगोरियस भेटतो. तो क्रिस्तोचा बाप. मुलाने कुस्तीचा तमाशा करून टाकला म्हणून म्हातारा त्याच्यावर चिडलेला आहे. हॅरी ते ऐकतो आणि क्षणात खऱ्या कुस्तीचा भक्त बनतो. म्हाताऱ्याला आपल्या बाजूला ओढून तो स्वतःचा कुस्तीचा फड उभारायला निघतो. बापामुळे क्रिस्तोला त्याच्या केसालाही धक्का लावता येत नाही. भांडवलासाठी हॅरी नॉसरॉसच्या बायकोकडून पैसे घेतो. तिला स्वतःचा क्लब काढायचा आहे, त्याचा परवाना मिळवून देतो म्हणतो आणि हातात ठेवतो बनावट कागद. नॉसरॉसला या दोघांचा संशय येतो. तो हॅरीला हाकलून देत नाही. उलट मदतीचा हात पुढे करतो आणि त्याच्यासाठी खड्डा खणायला घेतो.

आता मी थोडा थांबणार आहे, कारण इथे चित्रपटात एक माणूस येतो ज्याचं आपल्या मातीशी नातं आहे.

ग्रेगोरियसची भूमिका करणारा म्हातारा नट नव्हता. तो स्तानिस्लाउस झिबिस्को. ज्यांनी गावच्या तालमीत भिंतीवर गामा पैलवानाची तसबीर पाहिली असेल, त्यांचे कान हे नाव ऐकून टवकारले असतील. १९१० साली लंडनमध्ये गामाशी भिडलेला पोलंडचा झिबिस्को तो हाच. त्या दिवशी गामाची ताकद ओळखून तो पालथा पडून राहिला. अडीच तासांच्या वर झुंज चालली, पण गामाला त्याला चीत करता आलं नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा जोड ठरली, तेव्हा झिबिस्को आलाच नाही आणि मानाचा पट्टा गामाकडे गेला. पुढे १९२८मध्ये पतियाळाला दोघं पुन्हा समोरासमोर आले. गामाने मिनिटाच्या आत त्याला अस्मान दाखवलं.

तोच झिबिस्को सत्तरीच्या उंबरठ्यावर दासँच्या कॅमेऱ्यासमोर उभा आहे. जाडजूड मान, आखाड्यात आयुष्य घालवलेले खांदे, आणि चेहऱ्यावर आपल्याकडच्या एखाद्या वस्तादाची शांत ऐट. तो संवाद साधेपणाने, जवळजवळ अवघडून म्हणतो, पण त्याच्या देहाला अभिनयाची गरजच नाही. कुस्ती ही विद्या आहे, तिचा बाजार मांडू नये, असं तो मुलाला सुनावतो, तेव्हा ते वाक्य पटकथेतलं राहत नाही. त्यामागे एका माणसाचं अख्खं आयुष्य उभं असतं.

मग ती कुस्ती. 'स्ट्रँगलर' नावाचा राक्षसी पैलवान, माइक माझुर्की, दारूच्या नशेत म्हाताऱ्याचा अपमान करतो. त्याला चिथावून इथवर आणलेलं असतं हॅरीनेच. दोघे भिडतात. प्रेक्षकांनी भरलेला आखाडा नाही, तिकिटं नाहीत. रिकाम्या तालमीत दोन अजस्र देह एकमेकांना आवळतात. दासँ घाई करत नाही. कुस्ती लांबते, पाहवत नाही इतकी लांबते. कॅमेरा इतका जवळ जातो की घामाने निसटणारी बोटं, दाबली गेलेली मान, उघड्या तोंडाने ओढलेला श्वास आपल्याला दिसतो. हॅरी दोऱ्यांबाहेर घिरट्या घालतोय, ओरडतोय. सगळ्या चित्रपटात पहिल्यांदाच त्याच्या बोलण्याचा काही उपयोग होत नाही. इथे जिभेचं काही चालत नाही, वजनाचं चालतं. म्हातारा प्रतिस्पर्ध्याला मिठीत आवळून जिंकतो आणि थोड्याच वेळात मुलाच्या हातांत प्राण सोडतो.

श्रोतेहो, चित्रपट घरी पाहणार असाल तर हा प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा. संगीत आपल्या भावना आधीच ठरवून टाकतं. ते काढून घेतलं की कॅमेरा किती जवळ आहे, चित्र कुठे तुटतं, कोणाच्या चेहऱ्यावर थांबतं, हे स्वच्छ दिसू लागतं. या चित्रपटात संगीताची गोष्ट आणखी मजेदार आहे. त्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेतल्या आवृत्तीला फ्रान्झ वॅक्समन यांचं संगीत, ब्रिटनमधल्या आवृत्तीला बेंजामिन फ्रँकेल यांचं. दोन्ही मिळाल्या तर एकच दृश्य दोन्हींत पाहा. संगीत बदललं की हॅरीकडे पाहायची आपली नजर कशी बदलते, ते तुमचं तुम्हालाच उमगेल.

विडमार्कबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. १९४७च्या 'किस ऑफ डेथ'मध्ये चाकाच्या खुर्चीतल्या बाईला जिन्यावरून ढकलून खिदळणारा खुनी त्याने केला होता, आणि त्या हसण्यानेच तो प्रसिद्ध झाला. हॅरीमध्येही ते हसू आहे, पण इथे ते मधेच फाटतं. थाप पचली की तो लहान पोरासारखा खुलतो. ती उघडी पडली की डोळे मोठे होतात आणि हसू ओठांवर तसंच राहून जातं. दुसऱ्यांना फसवता फसवता तो आधी स्वतःला फसवतो, आणि पैसा हातात येण्याआधीच मनाने श्रीमंत होऊन बसलेला असतो. मला त्याची कणव येते ती तिथे.

हा चित्रपट करताना दासँच्याही मागे पाठलाग लागलाच होता. अमेरिकेत डाव्या विचारांच्या कलावंतांना काळ्या यादीत टाकण्याचे ते दिवस. त्याचं नाव त्या यादीत जाणार, हे ओळखून स्टुडिओप्रमुख डॅरिल झानक यांनी त्याला लंडनला धाडलं आणि खर्चिक दृश्यं आधी उरकून घे, असा सल्ला दिला, म्हणजे मग स्टुडिओला चित्रपट बंद पाडणं परवडणार नाही. त्यानंतर दासँला काही वर्षं कामच मिळालं नाही. फ्रान्समध्ये केलेल्या 'रिफिफी'ने १९५५ साली त्याला कान महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळवून दिलं. दासँ आणि विडमार्क, दोघेही २००८च्या मार्च महिन्यात, एकाच आठवड्याच्या अंतराने गेले.

आता शेवटाकडे. बापाच्या मरणाचा सूड म्हणून क्रिस्तो हॅरीच्या डोक्यावर हजार पौंडांचं इनाम लावतो. कालपर्यंत हॅरी ज्यांच्याशी पाठीवर थाप मारून बोलायचा, ती सगळी माणसं आज त्याला विकायला तयार आहेत. रात्रभर तो पळतो आणि पहाटे थेम्सच्या काठाला, हॅमरस्मिथ पुलाजवळ, एका ओळखीच्या म्हातारीच्या आसऱ्याला येऊन पडतो. इथे एक चमत्कार होतो. हॅरी बसतो. हात शांत आहेत, आवाज खाली आला आहे. आयुष्यभर आपण पळतच आलो, हे त्याला पहिल्यांदा कळतं.

तेवढ्यात मेरी, त्याची प्रेयसी, त्याला शोधत येते. आणि हॅरीच्या डोक्यात शेवटची योजना येते. मरायचं तर आहेच, मग हजार पौंड निदान हिला तरी मिळावेत. तो उठून उघड्यावर येतो आणि क्रिस्तोच्या माणसांना ऐकू जाईल असं ओरडत सुटतो, की हिनेच मला दगा दिला, हिनेच मला विकलं. साफ खोटं. त्याच्या शेकडो थापांमधली ही एकच थाप स्वतःच्या फायद्याची नाही.

ही धाव नीट पाहा. पहिल्या दृश्यात तो माणसांपासून लांब पळत होता. इथे तो त्यांच्याच दिशेने पळतो, पहाटेच्या करड्या उजेडात, जिथे लपायला सावलीसुद्धा उरलेली नाही. स्ट्रँगलर त्याला गाठतो, त्याची मान मोडतो आणि देह नदीत फेकून देतो. वर पुलावर क्रिस्तो उभा आहे. तो हलत नाही. खाली थेम्स वाहते आहे, आणि कॅमेऱ्याला आता कुणाच्याच मागे धावायचं उरलेलं नाही.