हलत्या चित्रांचें हांसूं आणि त्याचा खर्च

लातुरांत परगांवच्या विद्यार्थ्यांची वस्ती किती मोठी आहे हें निराळें सांगावयास नको. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतून हजारों मुलें वैद्यकीच्या आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करण्यासाठीं तेथें खोल्या घेऊन राहतात. अशाच एका खोलींत, आठवड्याची चांचणी आटोपलेल्या एका रविवारीं रात्रीं, तिघे तरुण एका मोबाइलच्या पडद्यापुढें डोकीं जुळवून बसले होते आणि पोट धरधरून हांसत होते. घरमालकीण काकू दारांतून म्हणाल्या, "काय बघायलाव रे? लेकरांचीं चित्रं बघून कुणी डॉक्टर होतंय का?"

मुलांनीं उत्तर दिलें, कीं हीं चित्रें लेकरांचीं नव्हेत. आणि तें खरेंच होतें. अमेरिकेंत १९८९ च्या डिसेंबरांत सुरू झालेली 'द सिम्पसन्स' ही मालिका तीं पाहत होतीं. पिवळ्या कातडीचें एक कुटुंब. अणुवीजगृहांत नोकरी करणारा आळशी व खादाड बाप, त्याची सोशिक बायको, उनाड मुलगा, बापाहून शहाणी मुलगी आणि तोंडांतली चोखणी न सोडणारें तान्हें मूल. या घराच्या आडून कारखान्याचा मालक, नगराध्यक्ष, धर्मोपदेशक, फार काय, ती मालिका दाखविणारी दूरचित्रवाणीची कंपनी या सर्वांची टर उडविली जाते. लहान मूल रंगांना हांसतें. बोलण्याला हांसावयाचें तर मनुष्याला थोडें जग सोसलेलें असावें लागतें.

काकू निघून गेल्यावर वाद पेटला. कंधारचा मुलगा म्हणाला, "जुने भाग बघ, हाताची रेघ कळते. आतांचं सगळं यंत्रावर. एवढा पैसा मिळवतेत आणि चित्रांत कंजूषपणा!" औशाच्या मुलाचें म्हणणें उलट होतें. "अरे, चित्राला खर्च कसला? नट नाही, घोडा नाही, पोशाख नाही, गांवोगांव तंबू नाही. कागद आणि पेन्सिल!" तिसरा मुदखेडकडचा. त्याच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाचे समास चित्रांनीं भरून गेलेले असत. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें चांचणीची उत्तरपत्रिका उलटी केली आणि हिशेब मांडला.

एक भाग बावीस मिनिटांचा. मिनिटाचे साठ सेकंद, आणि पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. गुणाकार ३१,६८० चौकटींचा होतो. एक चित्र दोन चौकटी टिकविलें, तरी १५,८४० चित्रें हवींत. एका माणसानें दिवसाला वीस चित्रें पुरीं केलीं असें धरलें, तर एका भागाला ७९२ दिवस लागतील, म्हणजे दोन वर्षांहून अधिक. आणि तेंही पडद्यावर एकच पात्र आहे असें समजून. बाप आणि मुलगा भांडूं लागले कीं काम दुप्पट. मग पेन्सिलीच्या रेघा स्वच्छ करावयाच्या, रंग भरावयाचे, मागचें घर आणि आभाळ रंगवावयाचें, ओंठ आणि अक्षरें यांचा मेळ घालावयाचा. औशाचा मुलगा तो कागद बराच वेळ पाहत राहिला. "म्हणजे घोडा परवडला," असें तो शेवटीं म्हणाला.

महाराष्ट्रांत हा धडा फार पूर्वीं घेतला गेला आहे. १९१२ सालीं दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढावयाचा होता आणि भांडवल देणारा कोणी मिळत नव्हता. त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा रोखून ठेवला आणि महिनाभर रोज थोडें थोडें चित्रण केलें. पडद्यावर तो अंकुर मिनिटभरांत वर आला, वेल झाला. तें पाहून पैसा देणाऱ्याचा विश्वास बसला. पुढें महायुद्धाच्या धामधुमींत भांडवल आटलें, तेव्हां ज्या छोट्या फिती त्यांनीं तयार केल्या त्यांत १९१५ ची 'आगकाड्यांची मौज' ही होती. पेटींतल्या काड्या एकेक चौकटीला किंचित् सरकवून त्यांना चालावयास लावलें होतें. नट नाहीं, पोशाख नाहीं! खर्च काडेपेटीचा, मात्र मोजतां न येणारा खर्च तासांचा. ती फीत आज उपलब्ध नाहीं, हें मोठें दुर्दैव.

पुढें १९३४ त पुण्याच्या 'प्रभात'नें 'जंबूकाका' नांवाचा छोटा व्यंगचित्रपट काढला. चित्रें रघुनाथ केळकर यांचीं. 'प्रभात'सारख्या मातबर संस्थेनेंही त्या वाटेनें फारशी मजल मारली नाहीं, याचें कारण समजण्यास वरील गुणाकार पुरेसा आहे. त्यानंतर तीनच वर्षांनीं अमेरिकेंत डिस्ने यांच्या 'स्नो व्हाइट'ला सुमारें पंधरा लाख डॉलर लागले, आणि पहिला अंदाज अवघा अडीच लाखांचा होता! आपल्याकडे मग हें ओझें सरकारनें उचललें. १९५६ सालीं मुंबईंत फिल्म्स डिव्हिजनमध्यें व्यंगचित्रपटांचा विभाग निघाला. डिस्ने यांच्याकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकविण्यास आले, आणि राममोहन यांच्यासारखे तरुण तेथें तयार झाले. १९७४ ची, विजया मुळे यांची 'एक अनेक और एकता' पुष्कळांना आठवत असेल. तिचीं चित्रें भीमसेन यांचीं. पण हा सगळा व्यवहार शिक्षणाचा आणि उपदेशाचा. सरकारी पैशानें सरकारची टिंगल कोण करणार? प्रौढांचा विनोद त्यामुळें वाऱ्यावरच राहिला.

अमेरिकेंत तो जगला तो काटकसरीवर. 'टॉम आणि जेरी' काढणाऱ्या हॅना आणि बार्बेरा या जोडीचा विभाग कंपनीनें १९५७ सालीं बंद केला. दूरचित्रवाणीकडे वळल्यावर त्यांना पूर्वींच्या दशांशाहूनही कमी पैसा मिळूं लागला. त्यांनीं तोड काढली: धड स्थिर ठेवावयाचें, फक्त तोंड आणि हात हलवावयाचे, पात्र धांवत असेल तर मागें तेंच झाड पुन्हां पुन्हां फिरवावयाचें. १९६० सालीं रात्रीच्या वेळीं, मोठ्या माणसांकरितां, 'फ्लिन्टस्टोन्स' ही मालिका आली ती याच पद्धतीची. हालचाल उणी झाली तेव्हां संवादाला भर द्यावा लागला. प्रौढांचा व्यंगचित्रविनोद बोलका आहे याचें निम्में श्रेय दारिद्र्याला दिलें पाहिजे.

दुसरी तोड कमी शोभेची. मुख्य आराखडा अमेरिकेंत करावयाचा आणि मधलीं हजारों चित्रें दक्षिण कोरियांत काढून घ्यावयाचीं. 'सिम्पसन्स'चें असेंच चालत आलें. म्हणून कंधारच्या मुलाचें अनुमान अर्धेंच बरोबर होतें: २००२ पासून रंगकाम कायमचें संगणकावर गेलें, परंतु रेघ हाताचीच राहिली, तो हात मात्र सोलचा. २०१० च्या ऑक्टोबरांत बँक्सी या अज्ञातवासी चित्रकाराकडून एका भागाची सुरुवात करून घेण्यांत आली. तींत अंधाऱ्या कोठडींत रांगेनें बसून चित्रें रंगविणाऱ्या मजुरिणी दाखविल्या होत्या. कोरियांतल्या कारखानदाराला तें लागलें. आपल्याकडे असें कांहीं नाहीं, असा निषेध त्यांनीं केला. आणि तो प्रसंग चित्रित करण्याचें काम त्यांच्याचकडे आलें होतें!

पुढच्याच वर्षीं कंपनीनें सांगितलें, कीं इतक्या खर्चांत मालिका चालविणें परवडत नाहीं. खर्च कोणाचा? आवाज देणाऱ्या सहा प्रमुख कलावंतांचा. त्यांना प्रत्येक भागामागें चार लाख डॉलरांहून अधिक मिळत. वाटाघाटी होऊन तो आंकडा सुमारें तीन लाखांवर आला, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. सहा जणांचे मिळून एका भागाचे अठरा लाख डॉलर. तिघां मित्रांत या आंकड्यावरून पुन्हां जुंपली. औशाचा म्हणे, आवाज हाच प्राण. कंधारचा म्हणे, प्राण कशांत असेल तो असो, पंधरा हजार चित्रें काढणाऱ्याचें नांव कोणी वाचतें का? पाट्या सरकतात तेव्हां सगळे उठून जातात. या प्रश्नावर मुदखेडचा मुलगा पुन्हां गप्प बसला. त्याला हैदराबादेस जाऊन ॲनिमेशन शिकावयाचें होतें. 'छोटा भीम' तेथलाच, २००८ चा. आणि नांदेडकरांना हैदराबाद कांहीं परकें नाहीं. पण वडिलांनीं सोयाबीनच्या भरवंशावर कर्ज काढून लातूरची फी भरली होती.

विनोदाची सामग्री आपल्याकडे नाहीं असें कोण म्हणेल? नांदेड जिल्ह्यांत माळेगांवची खंडोबाची जत्रा भरते, फड उभे राहतात. सोंगाड्या राजाला राजाच्या तोंडावर जें ऐकवतो, तें ऐकावयास पोरेंबाळें निजल्यावर मोठीं माणसें बसतात. त्याला तरी कोठें महाल लागतो? रिकाम्या फळ्यांवर "हा पाहा दरबार" म्हटलें, कीं दरबार होतो. १९९७ त आलेल्या 'साऊथ पार्क' या मालिकेचा पहिला भाग असाच कागदाचे तुकडे कापून आणि हातानें सरकवून केलेला होता. पुढें ते तोच ओबडधोबड थाट संगणकावर ठेवून एक भाग सहा दिवसांत उरकूं लागले.

ही हकीगत वाचल्यानंतर मुदखेडच्या मुलानें एका रात्रीं गोणपाट अंथरलें, काकूंकडून मूठभर सोयाबीन मागून घेतलें, दिव्याखालीं मोबाइल बांधला आणि एकेक दाणा किंचित् सरकवून छायाचित्रें घेत बसला. सेकंदाला बारा या हिशेबानें दहा सेकंदांना एकशेंवीस छायाचित्रें. पहांटेचे चार वाजले. दाणे अडत्याच्या काट्यावर चढतात. अडत्या म्हणतो, माल ओला आहे, भाव कमी. एक दाणा मान वळवून म्हणतो, "घरून निघतांना मालक रडला, तेवढाच ओलावा." अडत्याचा आवाज औशाच्या मुलाचा. दाण्याचा आवाज काकूंनीं दिला; तीन वेळां हांसूं आल्यामुळें चौथ्यांदा जमला.

दिवाळीला तो घरीं गेला तेव्हां अंगणांत पोत्यांवर बसलेल्या वडिलांना त्यानें तें दाखविलें. वडिलांनीं एकदां पाहिलें, "पुन्हां लाव" म्हणाले, मग शेजारच्या चुलत्यांना हांक मारली. दोघेही मोठ्यानें हांसले. चुलते निघून गेल्यावर वडिलांनीं विचारलें, "हे करायला किती वेळ लागला?"

"एक रात्र, बाबा."

"आन् अशा एका चित्राचे काय देतेत?"

मुलाला सांगतां येईना. चौकशी करतों, असें तो म्हणाला. वडिलांनीं मोबाइल परत दिला आणि दुसऱ्या दिवशीं लातूरच्या अडतीवर न्यावयाचीं पोतीं मोजावयास ते उठले.