पायरीचा गुण

श्रोतेहो, आज मला अगदीं क्षुल्लक वाटणाऱ्या एका वस्तूविषयीं बोलावयाचें आहे. ती वस्तु म्हणजे आपल्या पायांखालची पायरी.

माझ्या लहानपणीं गांवाकडे जात्याला टाकी लावणाऱ्या बायका दारोदार येत. दळून दळून दगड गुळगुळीत झाला, कीं जातें नीट दळीत नसे. मग ती बाई छिन्नीनें दगडाला पुन्हां खडबडीतपणा आणून देई. गुळगुळीत दगड जेथें दाणा धरीत नाहीं, तेथें तो पाऊल तरी कसें धरील? हें साधें गणित मला वयाच्या ६२ व्या वर्षीं, आणि मोठी किंमत देऊन, उमगलें.

आमच्या इमारतीच्या जिन्यास जुनी, खडबडीत फरशी होती. ती काढून चकचकीत ग्रॅनाइट बसवावा, हा ठराव मींच मांडला. पहिल्याच पावसाळ्यांत, कोणाच्या तरी छत्रीचें पाणी ठिबकलेल्या पायरीवरून माझी पत्नी घसरली. खुब्याचें हाड मोडलें. आज ती काठी घेऊन चालते. तिनें मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. पण तो ठराव कोणाचा, हें मी विसरूं शकत नाहीं.

ओल्या गुळगुळीत दगडावर पाण्याचा पातळ थर राहतो. त्याला निसटावयास वाट नसल्यामुळें चपलेचा तळ दगडास भिडतच नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं दिलेल्या अंदाजाप्रमाणें, पडल्यामुळें जगांत दरवर्षीं सुमारें ६,८४,००० माणसें मरतात. त्यांत साठीपुढील माणसांचा भरणा सर्वांत अधिक.

कारखान्यांनीं व जहाजांनीं यावर फार पूर्वींच उपाय योजिला. तेथील जिने व चालण्याचे मार्ग लोखंडी जाळीचे असतात. पट्ट्या उभ्या ठेवून आडव्या सळयांनीं जोडलेल्या असतात. पाणी, तेल, चिखल फटींतून खालीं पडतो. जेथें निसरडेपणा विशेष, तेथें पट्ट्यांच्या वरच्या कडेला करवतीसारखे दांते पाडलेले असतात. ते बुटाचा तळ धरून ठेवितात. गंज चढूं नये म्हणून जस्ताचा मुलामा देतात. खाऱ्या हवेच्या किंवा आम्लाच्या ठिकाणीं कांचतंतु व राळ यांची जाळी वापरतात. तिच्या माथ्यावर कठीण वाळूची खर बसविलेली असते. तत्त्व दोन्हींकडे एकच : पाण्याला वाट द्यावी, पावलाला पकड द्यावी. मात्र जाळी घाणीनें बुजली, तर हा गुण उरत नाहीं. म्हणून ती वरचेवर झाडावी लागते.

अनवाणी पावलांना दांतेरी जाळी टोंचेल, म्हणून घरांतील जिन्याला ती योग्य नव्हे. पण तत्त्व घरींही चालतें. आम्हीं दाराबाहेर उथळ खड्डा करून त्यावर साधी जाळी बसविली; चपलांचें व छत्र्यांचें पाणी तेथेंच निथळतें. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला गवंड्याकडून तीन खांचा पाडून घेतल्या आणि दोन्हीं बाजूंस कठडा धरण्याजोगा केला.

खांचा पाडण्याचा आवाज ऐकून पत्नी दाराशीं आली आणि म्हणाली, “अहो, जात्याची टाकी शेवटीं जिन्याला लावलीत म्हणायची!”

ती हंसली, मला मात्र हंसतां आलें नाहीं. श्रोतेहो, पायरीनें चकाकावें, असा आग्रह धरूं नका. पायरीनें पाय धरावा, एवढाच तिचा गुण आहे. आज जिना उतरतांना एकदां खालीं पाहा, इतकी विनंति करून मी आपली रजा घेतों.