ठरलेल्या भावाची पैज



सोडत निघते आयर्लंडात, पैज लागते लंडनच्या दुकानात, आणि परदेशी सोडतींच्या जाहिराती येतात आपल्या गावातल्या मोबाइलवर! हा व्यवहार चालतो कसा, ते आज पाहू या.

आयर्लंडच्या लोट्टोत १ ते ४७ आकड्यांच्या चेंडूंतून सहा चेंडू काढतात. सातवा जादा चेंडू असतो, तो तूर्त बाजूला ठेवू. तिकीट घेणारांपैकी दोघांना पहिले बक्षीस लागले, तर ते वाटून घ्यावे लागते. बुकीचे तसे नाही. तो तिकीट विकतच नाही. तो म्हणतो, "आकडा सांगा, निघाला तर ठरल्या भावाने पैसे मी देतो." ब्रिटनमध्ये बुकींना स्वतःच्या राष्ट्रीय लॉटरीवर पैज घेण्यास कायद्याने मनाई आहे, म्हणून शेजारची सोडत त्यांना सोयीची!

आता शिक्षकबंधूंनी एक हिशेब फळ्यावर मांडावा. समजा, भाव एकास सहा आहे. म्हणजे जिंकणाराला सहा पौंड आणि त्याचा स्वतःचा एक, असे सात मिळतात. ४७ जणांनी ४७ निरनिराळ्या आकड्यांवर एकेक पौंड लावला. जमा झाले ४७. सहा जण जिंकले. दिले सहा साते ४२. बुकीच्या गल्ल्यात पाच उरले. चेंडू कोणते निघाले, याची त्याला फिकीरच नाही!

तीन आकडे बरोबर सांगायचे असतील, तर भाव समजा एकास सहाशे. ऐकायला केवढा मोठा! पण ४७ आकड्यांतून तिघांच्या जोडण्या होतात १६,२१५, आणि जिंकतात त्यांतल्या फक्त वीस. प्रत्येक जोडणीवर एकेक पौंड लावला, तर परत येतात १२,०२०. पावहिश्शाहून अधिक रक्कम बुकीकडेच राहिली. इथे आमिष मोठे, तसा कापही मोठा.

हे आपल्याला अगदीच परके नाही. मुंबईत एके काळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर आकडा लावीत. त्यातूनच पुढे १९६० नंतरच्या वर्षांत मटका फोफावला. दहांतला एक आकडा ओळखायचा आणि मिळायचे नऊपट. दहा रुपये आले, नऊ गेले. एक रुपया खाणाऱ्याचा!

कोणी म्हणेल, "अमुक आकडा बरेच दिवस आला नाही, आता येणारच." पण बाबांनो, चेंडूला आठवण नसते. प्रत्येक सोडत नवी. एखादा जिंकतो, त्याचा गावभर बोभाटा होतो. हरलेला मात्र घरातसुद्धा बोलत नाही. बियाण्याचे, मुलांच्या फीचे पैसे असेच मुकाट्याने जातात.

आपल्याकडे जुगाराविरुद्ध १८८७ पासून कायदा आहे. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदाही संसदेने २०२५ मध्ये केला. पण पोलीस घरोघर पोचत नाहीत. हिशेब पोचू शकतो. तेव्हा कोणी भाव सांगितला, तर एवढेच विचारा : सगळे आकडे मीच लावले, तर हाती किती परत येतील?