दिवस भरण्याआधी



आपल्याकडे अजून म्हणतात, सातव्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही. हे साफ खोटे आहे. पोटात जितके आठवडे जास्त, तितके मूल बळकट. ३७ आठवडे भरण्याआधी जन्मले तर ते अपुऱ्या दिवसांचे. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख मुले जन्मली. इतकी दुसऱ्या कोणत्याच देशात नाहीत.

हे आधी ओळखता येते का? काही अंशी येते. सगळ्यांत मोठी खूण बिनपैशाची आहे: आधीचे मूल लवकर झाले होते का? माझ्या धाकट्या जावेचे पहिले आठव्यात झाले आणि चौथ्या दिवशी गेले. पुन्हा दिवस राहिले तेव्हा हे डॉक्टरीणबाईंना सांगायला ती लाजली. मीच सांगितले. (दुःखाची लाज कसली?) बाईंनी पाचव्या महिन्यात आतून सोनोग्राफी करून पिशवीच्या तोंडाची लांबी मोजली. ती २५ मिलिमीटरच्या आत असली तर धोका धरतात. तिची २१ भरली. रोज रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी आत ठेवायला दिली. मुलगी पुऱ्या दिवसांची झाली.

तरी हे मोजमाप म्हणजे पंचांग नव्हे. तोंड आखूड असून दिवस भरणाऱ्या पुष्कळ आहेत, आणि लांबी ठीक असून अवचित कळा येणाऱ्याही. कळा लवकर आल्या तर घरी वाट पाहू नये. बाळाची फुप्फुसे तयार होण्याचे इंजेक्शन आईला जन्माआधीच द्यावे लागते. आणि सासूबाईंनी ऐकावे, सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारू नये. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

मला काळजी वाटते ती गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची. मुकादमाची उचल घेतलेली, खाडा परवडत नाही, आणि पाचवा महिना नेमका फडात येतो. पाळीची तारीखच आठवत नाही, तर आठवडे कशावरून मोजायचे? पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून दिवस नीट कळतात. तेवढी करून, तो कागद बरोबर घेऊनच तिने गाडीत बसावे.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी फुकट होते. चौथा महिना लागलेल्या बायांची नावे गल्लीगल्लीतून आशाताईंकडे द्या. सोबत कोणी नसेल तिच्याबरोबर मी जाईन.