इन गांबा : कौतुकाचा एक इटालियन शब्द
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



कौतुकाचा एक इटालियन शब्द आपणा सर्वांना ठाऊक आहे, तो म्हणजे ‘ब्राव्हो’. इटलीत मात्र तो आपल्या ‘चांगला-चांगली’सारखा बदलतो. गायकाला ब्राव्हो, गायिकेला ब्राव्हा, अनेकांना ब्राव्ही आणि सगळ्या स्त्रियाच असतील तर ब्राव्हे.

आज मला सांगायचे आहे ते रोजच्या बोलण्यातल्या दुसऱ्या शब्दप्रयोगाबद्दल : ‘इन गांबा’. गांबा म्हणजे पाय. ‘मारिया ए इन गांबा’ याचा शब्दशः अर्थ ‘मारिया पायात आहे’! पण इटालियन माणसाला म्हणायचे असते, की मारिया कर्तबगार आहे. तिच्यावर काम सोपवावे आणि निर्धास्त व्हावे. पाय भक्कम तो माणूस भक्कम, अशी ही कल्पना. आपणही ‘स्वतःच्या पायावर उभा राहिला’ असे म्हणतोच.

हा प्रयोग आपल्या ‘हुशार’सारखा आहे. पुरुष असो वा स्त्री, एक असो वा अनेक, तो बदलत नाही. डॉक्टर, शिक्षिका, नळ दुरुस्त करणारा, सर्वांना तो लागू पडतो. त्यात पदवी, पगार, हुद्दा यांचा हिशेब नाही. ऐंशी वर्षांच्या आजी स्वतः बाजारहाट करीत असतील तर लोक म्हणतात, ‘आंकोरा इन गांबा’, म्हणजे अजून खणखणीत आहेत! निरोप घेतानाही मित्र मित्राला ‘इन गांबा!’ म्हणतो. तेव्हा अर्थ होतो, जप, खंबीर राहा. शब्द जवळिकीचा आहे. औपचारिक पत्रात तो शोभत नाही.

याच पायाची दुसरी बाजूही ऐका. एखादे काम क्षुल्लक समजून हलगर्जीपणा केला, तर ते ‘सोत्तोगांबा’ घेतले, म्हणजे पायाखालून घेतले, असे म्हणतात.

आता आपल्याकडे पाहू. मराठीत शब्दांची उणीव नाही. कर्तबगार आहे, खमका आहे, तडफदार आहे. पण आपण ते तोंडावर म्हणतो का? स्वयंपाक उत्तम झाला तर आपण म्हणतो, ‘नावं ठेवायला जागा नाही.’ ‘हुशार’ हा शब्द आपण मुलांच्या गुणपत्रिकेसाठी राखून ठेवला आहे. आणि ‘कर्तबगार’? तो बहुधा श्रद्धांजलीच्या सभेत ऐकू येतो, आणि ज्याच्यासाठी उच्चारला त्यालाच ऐकू जात नाही.

आपल्या मांडवात रात्री जागून वायरिंग करणारे आहेत, शेकडो मोदक वळणाऱ्या भगिनी आहेत, वर्गणीचा पै-पैचा हिशेब ठेवणारे आहेत. परमुलखात हा उत्सव उभा आहे तो यांच्याच पायांवर. त्यांना आजच, समोर उभे राहून सांगा. मराठीत सांगायला संकोच वाटला, तर इटालियन शब्द आता आपल्याला आला आहेच!

गणपती बाप्पा मोरया!